मटारचे दिवस आणि चौधरीकाकांची फाईल

डिसेंबर अर्धा सरला की जबलपुरात कोणाच्याही घरी जा, मटार सोलणं चाललेलं असतं. टीव्हीसमोर, गच्चीवर, शिवणयंत्राशेजारी, आणि कमानिया गेटजवळच्या दुकानांत गिऱ्हाईक नसेल तेव्हा गल्ल्यावरसुद्धा. पाटण-शहपुऱ्याकडून गाड्या भरभरून माल येतो, गल्लोगल्लीच्या हातगाड्या हिरव्या होतात आणि पुढचे दोन महिने आमचं गाव दुसरं काही खात नाही. सकाळी मटारपोहे, दुपारी वाटल्या दाण्यांचा आमटीसारखा निमोना, रात्री मटारचे पराठे. कंटाळा आला बुवा, असं म्हणत दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन किलो. मी इथे मटार लिहिते आहे खरं, पण आमच्या घरात मटरच म्हणतात. पुण्याची मावसबहीण एकदा त्यावर हसली, तेव्हापासून लिहिताना मी तेवढी सुधारणा करते. बोलताना करत नाही.

यंदाची पहिली पिशवी आली त्या दिवशी नात ईशा समोर बसली होती. मांडीत परात, गुडघ्यावर पुस्तक. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि परीक्षा तोंडावर आली आहे. शेंग फोडायची, दाणे परातीत, टरफल कागदावर, आणि तोंडानं इंग्रजी यादी पाठ करायची, असं तिचं चाललं होतं. ती यादी कानावर पडताच माझे हात थांबले. नर्सिंग डायग्नोसिसची यादी. माझ्या आयुष्यातला एक अख्खा हिवाळा त्या यादीनं खाल्ला होता.

ईशानं मान वर केली. "आजी, ये सब सच में काम आता है, या सिर्फ पेपर के लिए है?"

ती माझ्याशी हिंदीत बोलते आणि मी तिच्याशी मराठीत. आमचं कुठे अडत नाही. तिला सगळं समजतं, फक्त तोंडातून मराठी निघत नाही. मी म्हटलं, "येतं काम. नीट लिहिलं तर." ती पुन्हा पाठांतराला लागली. मी मात्र शेंगा हातात धरून तशीच बसून राहिले.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. डॉक्टर रोगाचं नाव लिहितो. त्या रोगामुळे माणसाचं जगण्यात काय अडलं, ते नर्सनं लिहायचं. डॉक्टर लिहील न्यूमोनिया. नर्सनं लिहायचं की या बाईला चार पावलं चाललं की धाप लागते आणि म्हणून ती स्वतःची वेणी घालू शकत नाही. आता प्रत्येक नर्स आपापल्या शब्दांत लिहायला लागली तर एकीचं दुसरीला कळणार नाही, म्हणून नावं ठरवून दिलेली. त्या ठरीव नावांतून निवडायचं, आणि पुढे दोन रकाने भरायचे: हे कशामुळे आणि हे कशावरून. कागदावर इतकं सोपं, इतकं शहाणपणाचं वाटतं की मला अजूनही त्याचं कौतुक आहे.

आमच्याकडे ही यादी आली तेव्हा मी नेपियर टाऊनमधल्या एका खाजगी रुग्णालयात मेडिकल वॉर्डात होते. नाव सांगून काय करू, आता तिथे साड्यांचं दुमजली दुकान आहे. बाहेरून तपासणीसाठी लोक येणार होते, त्याआधी प्रत्येक रुग्णाच्या फाईलमध्ये रोज हा फॉर्म भरलेला हवा, असा हुकूम निघाला. मेट्रन मॅडमनी यादीच्या झेरॉक्स वाटल्या. सगळ्या सिस्टर लोकांनी त्याला पहिल्या दिवशीच 'होमवर्क' असं नाव ठेवलं. डॉक्टर मंडळी गालात हसायची. एक जण म्हणाले, "अब डायग्नोसिस भी आप ही लोग करेंगी तो हम घर जाएँ?" आम्ही हसलो, आणि मनातून चिडलो. आधीच तीस खाटांना तीन जणी, त्यात हे लिखाण. इंजेक्शन देऊ की निबंध लिहू, असं आम्ही आपसात म्हणायचो.

मी मात्र मनातून खूश होते, हे आज कबूल करायला हरकत नाही. माझं अक्षर मोत्यासारखं. इंग्रजी बऱ्यापैकी. आठवड्याभरात माझी फाईल नमुना म्हणून इतर वॉर्डांत फिरायला लागली. मी शेफारले.

माझ्याबरोबर निर्मलाताई मेश्राम होत्या. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या, नागपूरला शिकलेल्या, लग्नानंतर महाराजपुरात राहायला आलेल्या. मीही त्याच बाजूला राहत होते, त्यामुळे आम्ही एकाच ऑटोनं यायचो. ऑटोत आमची मराठी धो धो चालायची आणि रुग्णालयाच्या फाटकाशी उतरलो की थांबायची. कारण मेट्रन मॅडमचा नियम होता, ड्युटीवर फक्त हिंदी. आधी कधीतरी दोन गटांच्या सिस्टर आपापल्या भाषेत बोलायच्या आणि दोन्हीकडच्यांना वाटायचं की चर्चा आपलीच चालली आहे. त्यावरून कपबशा फुटण्यापर्यंत भांडण गेलं होतं म्हणे. तेव्हापासून हा नियम. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. आजोबा वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते. मग राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, ही सवय आम्हाला चपला घालण्याइतकी अंगवळणी पडली होती.

निर्मलाताईंना ती यादी अजिबात आवडली नाही. "पेशंट पाहाचा का कागद?" असं म्हणत त्या झेरॉक्सची घडी करून एप्रनच्या खिशात टाकायच्या, आणि ती तिथेच राहायची. पण फॉर्म तर भरायला हवेत. मग आमच्यात एक तह झाला. त्यांचे सहा फॉर्म मी लिहायचे आणि माझा दोन किलो मटार त्यांनी सोलायचा. त्या दिवसांत सगळ्याच जणी डब्याच्या पिशवीबरोबर मटारची पिशवी आणत. दुपारच्या अर्ध्या तासात, मागच्या गॅलरीत, पाठीवर ऊन घेत रात्रीच्या भाजीची तयारी उरकायची. तिथे नियमाला थोडी सूट होती. त्या सोलत सोलत सांगायच्या आणि मी यादीत शब्द शोधायची.

"चार नंबरची बाई भेली आहे."

"कशावरून, ताई? इथे तसा रकाना आहे."

"कशावरून काय वं. सकाळपासून तीनदा उशी उलटी केली तिनं. अन् नवऱ्याले घरी जाऊ देऊन नाही राहिली."

मी लिहायची. हळूहळू मला कळायला लागलं की त्यांचे सहा फॉर्म हे माझ्या फॉर्मांपेक्षा वेगळे दिसतात. माझ्या फॉर्मात 'कशावरून'च्या रकान्यात पुस्तकातलं वाक्य असायचं. त्यांच्या फॉर्मात उलटी केलेली उशी असायची. हे कळलं, पण त्यामुळे माझं लिहिणं काही बदललं नाही. मला भराभर लिहायची सवय झाली होती, आणि भराभर लिहायचं तर कालच्या पानावरून आज उतरवायचं, ही युक्ती आमच्या वॉर्डात सगळ्यांनाच सापडली होती.

त्या डिसेंबरच्या शेवटी निर्मलाताई भाचीच्या लग्नाला नागपूरला गेल्या आणि सात नंबरला चौधरी आले. वय सत्तरीचं. अर्धांगाचा झटका, उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. बरोबर मुलगा, बँकेत नोकरीला, अगदी मऊ हिंदी बोलणारा. चौधरी हे आडनाव आमच्या गावात कोणाचंही असू शकतं. मी विचारलं नाही आणि मुलानंही सांगितलं नाही. विचारायचं असतं, हेच सुचलं नाही.

मी म्हटलं, "बाबूजी, आपका नाम बताइए." ते माझ्याकडे बघत राहिले. "हाथ उठाइए." बघत राहिले. डॉक्टरांनी चमच्यानं पाणी घातलं आणि म्हणाले, "निगलिए, बाबूजी, निगलिए." पाणी तोंडात साठलं आणि ओठाच्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळलं. डॉक्टर म्हणाले, "समझ नहीं रहे हैं," आणि नाकातून नळी घातली. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ठसका लागून पाणी फुप्फुसात गेलं असतं तर माणूस गेला असता.

मी यादी उघडली. बोलून व्यवहार होत नाही, यासाठी ठरलेलं नाव होतं: इम्पेअर्ड व्हर्बल कम्युनिकेशन. गिळता येत नाही, त्यालाही नाव होतं. दोन्ही लिहिली. कशामुळे, तर झटक्यामुळे. कशावरून, तर सूचना पाळत नाही. दुसऱ्या दिवशी तेच उतरवलं. तिसऱ्या दिवशी तेच. नऊ दिवस, नऊ पानं, एकसारखं सुंदर अक्षर. मेट्रन मॅडमनी तपासणीच्या तयारीत तीच फाईल वर काढून ठेवली.

दहाव्या दिवशी त्यांना घरी सोडायचं ठरलं होतं, नळीसकट. नवव्या दिवशी सकाळी मी मुलाला नळीतून दूध आणि डाळीचं पाणी कसं सोडायचं ते शिकवत होते. तो सगळं नीट करत होता. मग हात पुसता पुसता म्हणाला, "सिस्टर, पिताजी को खाने का बहुत शौक था. अब घर में कुछ बनेगा तो इनके कमरे का दरवाज़ा बंद कर दिया करेंगे. खुशबू न जाए." मी मान हलवली. चौधरी आम्हा दोघांकडे बघत होते. त्यांच्या त्या बघण्याला मी नऊ दिवस 'समजत नाही' असं म्हणत आले होते.

त्याच दिवशी निर्मलाताई परत कामावर आल्या. दुपारी सात नंबरची चादर बदलताना पलंगाच्या हँडलवर त्यांचं नडगीचं हाड आपटलं, आणि नियमबियम विसरून तोंडातून निघालं, "अवो माय." त्या नडगी धरून खाली वाकल्या. वरून हळू, जाड जिभेनं कोणीतरी म्हणालं, "लागलं?"

मी कपाटात चादरी मोजत होते. त्या लंगडत आल्या आणि कानाशी वाकल्या. "वंदना, सात नंबर मराठी आहे."

"कशावरून?" मी विचारलं.

"मले विचारलं त्यानं, लागलं म्हणून."

आम्ही दोघी पलंगाशी गेलो. ताई म्हणाल्या, "काका, डोळे मिटा." त्यांनी मिटले. "डावा हात वर करा." केला. "आता आवंढा गिळा बरं, थुंकी गिळा." गळ्यातली घाटी वर गेली आणि खाली आली. झटक्यानं त्यांची हिंदी नेली होती. चाळीस वर्षं कारखान्यात, बाजारात, सुनेशी, नातवंडांशी बोललेली सगळी हिंदी. आईकडून आलेली मराठी तेवढी शिल्लक होती. बायको गेल्यापासून घरात त्यांच्याशी मराठी बोलणारं कोणी उरलं नव्हतं, हे मुलानं नंतर सांगितलं. त्याला समजत होती, पण बोलायची लाज वाटायची.

ताई डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर सज्जन होते, पण घाईत होते. "दीदी, ऐसे केस में एकाध शब्द अपने आप निकल जाता है. मतलब नहीं होता उसका." तेही पुस्तकात आहे, खोटं नाही. ताई परत आल्या आणि सात नंबरची फाईल माझ्यापुढे आपटली.

"लिही. तुझ्या त्या यादीतलं लिही. मी बोलली तर ऐकून नाही राहिला तो. लिहिलेलं वाचन तो."

"ताई, नऊ पानं आहेत. खोडाखोड होईल. परवा तपासणी आहे."

"मंग? उद्या तो नळी घेऊन घरी जाऊन राहिला. तुले खोडाखोडीचं पडलं?"

मी खुर्चीत बसले. खोटं कशाला सांगू, पहिला विचार माझ्या नमुन्याच्या फाईलचाच आला. दुसरा विचार त्या बंद होणाऱ्या दाराचा आला. मग मी नऊ पानांवर एकेक रेघ मारली, प्रत्येक रेघेखाली सही केली आणि दहावं पान घेतलं. ठरलेलं नाव तेच ठेवलं, कारण अडचण होतीच. पण कशामुळे, तिथे लिहिलं: आम्ही ज्या भाषेत बोलतो ती रुग्णाला आता कळत नाही. आणि कशावरून, तिथे त्या दुपारपासून आम्ही दोघींनी जे पाहिलं ते लिहिलं. हिंदीतल्या पाच सूचनांपैकी एकही नाही. मराठीतल्या पाचपैकी चार, संध्याकाळपर्यंत तीन वेळा, दोन वेगवेगळ्या नर्सनी विचारून. 'गिळा' म्हटल्यावर गिळतात, खोकला नाही, आवाज घोगरा होत नाही. पुस्तकातलं एकही वाक्य नव्हतं त्यात. आयुष्यात पहिल्यांदा मी तो रकाना खरा भरला होता.

सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी फाईल उघडली आणि वाचत उभे राहिले. मग म्हणाले, "मेश्राम दीदी, आप बोलिए. मैं देखता हूँ." चमच्यात पाणी घेतलं. ताई म्हणाल्या, "काका, तोंड मिटा. आता गिळा." पाणी गेलं. पुन्हा एक चमचा. गेलं. डॉक्टरांनी घरी जाण्याच्या कागदावर काट मारली आणि तिसऱ्या दिवशी नळी निघाली. पहिला घास मऊ वरणभाताचा होता. मुलगा शेजारी उभा राहून "खा बाबा, खा" म्हणत होता. त्याची मराठी अडखळत होती आणि त्याचे डोळे वाहत होते.

खोडलेली फाईल मेट्रन मॅडमनी पानापानानं उलटून पाहिली. मग म्हणाल्या, "बाकी की फाइलें भी देख लो. और किस-किसकी ऐसे ही उतारी है." भाषेच्या नियमाचं मी भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, "पेशंट से जिस भाषा में चाहो बोलो. आपस में हिंदी." कपबशांची भीती त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही.

लोक मला विचारतात, ती यादी वाईट होती का? मला तसं वाटत नाही. नऊ दिवस तिनं मला आंधळं केलं, हे खरं आहे. तीच यादी नसती तर ताईंचं म्हणणं डॉक्टरांच्या घाईत हवेत विरून गेलं असतं, हेही खरं आहे. निर्मलाताई तिला कागदच म्हणत राहिल्या, पण त्या हिवाळ्यानंतर त्यांनी स्वतःचे फॉर्म स्वतः लिहायला घेतले. वाकडं अक्षर, निम्मी हिंदी, पण तिसरा रकाना गच्च भरलेला. मटार मात्र मग मला स्वतः सोलावा लागला. आता त्या नाहीत. ऑटोतली आमची मराठीही त्यांच्याबरोबर गेली, कारण माझ्याशी तशी भांडून बोलणारं दुसरं कोणी मला या गावात मिळालं नाही. फार आठवण येते.

आणि एक भीती आहे ती सांगून टाकते. उद्या मला झटका आला तर माझी कोणती भाषा राहील? हिंदी गेली आणि मराठी राहिली, तर या घरात मला 'गिळा' कोण म्हणेल? म्हणून त्या दिवशी ईशाचं पाठांतर मी थांबवलं आणि तिला पाच वाक्यं मराठीत म्हणायला लावली. डोळे मिटा, हात वर करा, जीभ काढा, खोकून दाखवा, गिळा. ती हसत होती. मग मी तिला चौधरीकाकांची हकीगत सांगितली तेव्हा हसायची थांबली. पण तिला सगळं सांगितलं नाही. काका घरी निघाले त्या सकाळचं मी कोणालाच सांगितलेलं नाही, ताईंनाही नाही.

मुलगा औषधं आणायला गेला होता. मी काकांना सदरा घालत होते आणि आता अर्थातच मराठीत बोलत होते, जरा जास्तच. "काका, हा हात आधी. हं, असं." त्यांना शब्द सापडायला वेळ लागायचा, म्हणून मीच बोलत होते. त्यांनी चांगला हात उचलला, मला थांबवलं आणि माझ्या एप्रनवरच्या नावाच्या पट्टीवर बोट ठेवलं. पट्टी नागरीत होती. एकेक अक्षर जुळवत त्यांनी वाचलं.

"वान... खेडे."

"हो, काका."

"पहिल्या दिवशी वाचलं," ते म्हणाले. मग पुढचा शब्द शोधत बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "वाट पाहून राहिलो होतो."